म्हापशाच्या दादांना उत्तर : त्या 26 टक्क्यांबद्दल

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलाने ‘26/11 ला 26 टक्के सूट’ असा फलक लावला, त्यावर मी लिहिलं होतं. तुम्ही म्हणता, गोवा पर्यटनावर जगतो, फलकामुळे चार पोरांना ती तारीख तरी आठवली. आणि विचारता, 15 ऑगस्टला मीही दुकानात झेंडे विकतो, मग मीही दोषी का?

नाही दादा. झेंडा हवा असतो म्हणून माणूस तुमच्याकडे येतो. पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकावर वाहायचा हार माझे वडील म्हापशाच्या बाजारातूनच घ्यायचे. फुलवालीने पैसे घेतले याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. ती फुलं विकत होती. 1955 साली पोर्तुगीजांच्या गोळ्यांनी पडलेल्या सत्याग्रहींच्या नावाने गिऱ्हाईक बोलवत नव्हती. त्या फलकावर बिअरचा दर आणि ती तारीख एकाच ओळीत होती, आणि मागे ताजच्या घुमटाचा धूर.

26/11 च्या त्या मुंबईवरच्या हल्ल्यात 166 माणसं गेली. सगळ्यांना ताज आठवतं, मला सीएसटी आठवतं. कोकणकन्या तिथूनच सुटते. रात्रीच्या गाडीसाठी पिशव्या उशाशी घेऊन, डबा सोडून आपण सगळेच त्या हॉलमध्ये बसलेलो आहोत. तिथे बसलेल्यांवरच गोळ्या झाडल्या गेल्या. गाडीची वाट बघणारी माणसं होती ती, तुमच्या-माझ्यासारखी. म्हणून तो फलक बघून माझ्या पोटात ढवळलं.

आठवणीचं म्हणाल तर, तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. त्यांच्या हातात फक्त काठी होती. त्यांच्यामुळे कसाब जिवंत सापडला. फलकावर त्यांचं नाव कुठेच नव्हतं. पोरांच्या लक्षात राहिली ती सूट.

हे एका हॉटेलापुरतंही नाही. 22 एप्रिल 2025 ला पहलगामला 26 जणांना मारलं. 7 मे ला ‘ऑपरेशन सिंदूर’ जाहीर झालं आणि त्याच दिवशी ते नाव ट्रेडमार्क म्हणून मिळावं यासाठी अर्ज दाखल झाले, तेही मनोरंजनाच्या वर्गात! ज्या बायकांचं कुंकू पुसलं गेलं, त्यांच्यासाठी ठेवलेलं नाव ते. पंधरा दिवसही धड उलटले होते का? ओरड झाल्यावर एका बड्या कंपनीने अर्ज मागे घेतला, हे खरं. पण तो करावासा वाटलाच कसा, हे मला अजून कळत नाही.

कमाईतला वाटा जवानांच्या कुटुंबांना जातो, असंही तुम्ही लिहिलंय. किती आणि कुणाला, हे फलकावर नव्हतं. निमलष्करी दलांतल्या शहिदांच्या घरच्यांसाठी ‘भारत के वीर’ हे सरकारी संकेतस्थळ 2017 पासून आहे. तिथे कुणीही थेट पैसे भरू शकतो. त्यासाठी फलक लागत नाही, बिअरही लागत नाही.

धंदा बुडेल म्हणून लेखातला फोटो काढा, असं तुम्ही शेवटी सुचवलंय. हॉटेलाचं नाव मी पहिल्या दिवसापासून झाकलेलं आहे, ते तसंच राहील. फोटो मात्र काढणार नाही.