अकरा महिन्यांच्या कराराला नोटरी पुरत नाही

मुंबईत नव्याने राहायला येणाऱ्यांसाठीच्या एका लेखात सांगितलंय की घरभाड्याचा करार अकरा महिन्यांचा असेल तर नोटरी पुरते. हे साफ चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, नेहमीचा भाडेकरार) लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात.

खर्चाचा बाऊ करू नका. भाडं 30,000 आणि परत मिळणारं डिपॉझिट 1 लाख धरा. अकरा महिन्यांचं भाडं 3,30,000, त्यात डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं आणि एकूण रकमेवर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क. म्हणजे साधारण साडेआठशे रुपये. शहरी भागात नोंदणी फी 1,000. एजंटने यापेक्षा फार मोठा आकडा सांगितला तर हिशोब लेखी मागा, लाजू नका. ऑनलाइन नोंदणीत अडतं ते अंगठ्यापाशी, ठसा आधारशी जुळत नाही म्हणून. बोट कोरडं पुसून दुसरं लावून बघा. डिपॉझिटची रक्कम, चेक किंवा यूटीआर (बँक ट्रान्सफरच्या) क्रमांकासह, करारात आलीच पाहिजे. आणि चावी घेताना पश्चिमेच्या भिंतीचे, खिडकीखालच्या कोपऱ्यांचे तारखेसह फोटो काढा. जुलैत तिथे ओल येऊन रंगाचे पोपडे सुटतात आणि घर सोडताना त्याच दुरुस्तीचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातात.