‘शुक्र म्हणून चंद्र दाखवला’ या अभिप्रायाला उत्तर

ताई, नमस्कार. 8 मार्च 2025 च्या संध्याकाळी आमच्या दुर्बिणीच्या आकाशदर्शनात तुमची निराशा झाली, त्याबद्दल माफी मागतो. धाकट्याचा डोळा स्टुलावर चढूनही नेत्रिकेपर्यंत (दुर्बिणीला डोळा लावतो त्या भिंगापर्यंत) पोचत नव्हता, ती चूक आमचीच.

पण तुम्ही लिहिलंत, ‘शुक्र म्हणून चंद्राची कोर दाखवली, बुध दाखवलाच नाही, मंगळ म्हणजे भगवा ठिपका, वर म्हणे शुक्र बुधापेक्षा गरम! चौघांचे 1,400 रुपये पाण्यात.’ बाकीचं ऐकून घेतलं असतं. चंद्राचं मात्र सरळ फसवणुकीत जमा होतं, आणि मे महिन्याच्या सुट्टीत गुहागरला येणारे बुकिंगआधी हेच वाचतात. म्हणून जरा लांबण लावतो.

त्या रात्री खरा चंद्र डोक्यावर होता, मंगळाजवळ, अर्ध्याहून मोठा. तुम्ही मोबाइलवर त्याचे फोटोही काढलेत, ते एकदा उघडून बघा. आम्ही दाखवलेली कोर पश्चिमेला, समुद्रावर होती. एका आकाशात दोन चंद्र आम्ही कुठून आणणार? शुक्र सूर्याच्या आणि आपल्या मध्ये येऊ लागला, की त्याची उजळ बाजू सूर्याकडे राहते आणि आपल्या वाट्याला नुसती कड येते. शिवाय जवळ आल्याने तो मोठा दिसतो. आमची दुर्बीण सहा इंची, 1,200 मिमी नाभीय अंतराची (दुर्बिणीत प्रकाश एकवटायला लागणारं अंतर). त्याला नेत्रिकेच्या 25 मिमीने भागलं की चित्र 48 पट मोठं होतं, आणि तेवढ्यात त्या दिवशीचा शुक्र नुसत्या डोळ्यांच्या चंद्राहून मोठा भरत होता. गल्लत होते ती इथेच. ओळखायचं कसं? चंद्राच्या कोरीची आतली कड विवरांमुळे खडबडीत दिसते. शुक्राची गुळगुळीत, कारण आपल्याला दिसतात ते गंधकाम्लाचे ढग, जमीन नाही. याच कला गॅलिलिओने 1610 मध्ये पाहिल्या होत्या.

बुधाचं म्हणाल तर मेसेजमध्ये 6:40 ची वेळ होती. सूर्यास्त 6:46 च्या सुमारास, बुध आठच्या आसपास मावळणार, म्हणजे बघण्याजोगा वेळ फार तर 7:05 ते 7:30. तुम्ही आलात 7:40 ला. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात, आणि बुध तेव्हा अर्ध्या मुठीच्याही खाली, समुद्रावरच्या धुरकटात. एवढ्या खाली हवा इतकी जाड असते की दुर्बिणीची ताकद वाढवून नुसता लिबलिबीत डाग मोठा होतो.

आणि हो, शुक्र खरंच जास्त गरम. बुधावर हवा जवळपास नाहीच, म्हणून दिवसा 430 अंश आणि रात्री उणे 180. शुक्रावर कार्बन डायऑक्साइडची गोधडी, दाब आपल्या नव्वद पट. रात्रंदिवस 465 अंशांच्या आसपास.

मंगळ तेव्हा लांब जात होता. 10 मिमीच्या नेत्रिकेने, 120 पटीतसुद्धा, तो नुसत्या डोळ्यांच्या चंद्राच्या दोन-तृतीयांश एवढाच दिसतो. त्यात नळीला हात लागला की चित्र थरथरतं, आणि तसाही ग्रह दीड-दोन मिनिटांत चौकटीबाहेर सरकतो. तुमच्याकडून नळी तीनदा धरली गेली. बोललो नाही, कारण पाहुणे. भगवा रंग मात्र तुम्ही बरोबर टिपलात. लोखंडाचा गंज तो, आमच्या जांभ्याला लाल करतो तोच.

सुताराला उंच स्टूल सांगितलंय. मेसेजमध्ये वेळ ठळक करू, बाकीचंही बघतो. बुध संध्याकाळी परत चांगला दिसेल 2025 च्या जुलैच्या सुरुवातीला, पण तेव्हा इथे पावसात आकाशच नसतं. त्यानंतर ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा. तुम्हा चौघांना निम्मा दर; फक्त सूर्य बुडायच्या आधी पोचा.