पोलादाचे पाणी

गेल्या वर्षी रत्नागिरीला आत्याकडे जाताना कोकण रेल्वेच्या डब्यात मी जेवणाच्या डब्याच्या झाकणाने काकडी कापली. कापली म्हणण्यापेक्षा तिचा छळ केला, असे समोरच्या बाकावरच्या गृहस्थांच्या चेहऱ्यावरून वाटत होते. खिशात मावेल असा एक घडीचा चाकू घ्यायचा, हे मी तिथेच ठरवले. "अहो, या वयात रामपुरी?" एवढेच सौ. म्हणाली. ठरवायला एक काकडी पुरली. घ्यायला अकरा महिने लागले.

याचे कारण माझा भाचा. मी त्याला दोन चाकूंची छायाचित्रे दाखवून कोणता बरा दिसतो असे विचारले, तेव्हा स्थळ पाहायला जाऊन फक्त पडद्यांचे कौतुक करणाऱ्या माणसाकडे पाहावे, तसे त्याने माझ्याकडे पाहिले. "मामा, मूठ काय बघता? पोलाद कुठलं आहे ते बघा."

तोवर माझ्या लेखी पोलादाचे दोनच प्रकार होते : एक गंजणारे आणि दुसरे भांड्यांच्या दुकानात नाव घालून मिळणारे. बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून खटपट करणाऱ्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली शेफील्डमध्ये सुमारे १३ टक्के क्रोमियमचे न गंजणारे पोलाद ओतले, आणि खरे तर मानवजातीने तिथेच थांबायला हरकत नव्हती. पण ती थांबली नाही, आणि तिच्या पुढच्या सगळ्या उद्योगांची यादी भाच्याने मला रात्री साडेअकरा वाजता पाठवली.

त्या यादीतल्या डी-२ या पोलादावर माझे मन बसले होते. त्यात कार्बन दीड टक्का आणि क्रोमियम बारा टक्के, म्हणजे गंजाची चिंता मिटली, असा हिशेब मी मांडला. भाच्याने तो मोडून काढला. त्या बारा टक्क्यांतले बरेचसे क्रोमियम कार्बनशी संसार थाटून त्याचे कठीण कण बनवते. त्या कणांमुळे धार दीर्घकाळ टिकते हे खरे, पण गंजाशी भांडायला घरात जे उरते, त्याच्याने कोकणातली हवा काही आवरत नाही. मग व्ही जी-१० हे जपानी पोलाद पुढे आले. त्याचा कठीणपणा रॉकवेल मापावर ६० च्या आसपास असतो. हिऱ्याचे टोक पोलादात दाबून ते किती खोल रुतते यावरून हा आकडा काढतात. मात्र इतके कठीण पाते हाडावर किंवा करवंटीवर आपटले, तर त्याच्या धारेचा कपचा उडू शकतो. उलट स्वित्झर्लंडचे व्हिक्टोरिनॉक्सवाले आपले लाल चाकू जाणूनबुजून ५६ वर ठेवतात. त्यांची धार लवकर बोथट होते, पण चहाच्या कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर घासली तरी परत येते.

अशा पेचात अनुभवी माणसाचा सल्ला घ्यावा म्हणून मी आमच्या गल्लीत सायकलवर येणाऱ्या धारवाल्याला थांबवले आणि छप्पन्न बरे की साठ, असे विचारले. त्याने चाक फिरवायचे थांबवून माझ्याकडे नीट पाहिले. "साहेब, विळीचे तीस, कात्रीचे चाळीस. साठ कोणी देत नाही."

शेवटी मी साध्या कार्बन पोलादाचा, लाकडी मुठीचा चाकू घेतला. हे पोलाद गंजते, पण धार देखणी घेते आणि आंबट पदार्थ कापत गेले की त्यावर राखाडी-निळी छटा चढते, जी तांबड्या गंजाला थोडाफार अटकाव करते. शौकीन मंडळी त्या छटेवर जीव टाकतात. मी आत्याकडे पोहोचल्यावर चार दिवस कैऱ्याच कापल्या. पाते पारव्याच्या गळ्यासारखे दिसू लागले. दमट हवेने मूठ फुगून चाकू उघडेनासा झाला, तेव्हा फ्रान्समधल्या साव्होय भागातल्या लोकांची युक्ती मी वापरली : मुठीचे बूड टणक जागी ठोकायचे, म्हणजे पाते आपोआप थोडे वर येते. मी ते ओट्याच्या कडेवर ठोकू लागलो की आत्या आतून गड्याला हाक मारायची, "अरे, बघ रे कोण आलंय!"

पाचव्या दिवशी दुपारी मी झोपलो असताना आत्याच्या नजरेला ते पाते पडले. जागा होऊन पाहतो तो काथ्या आणि राख यांनी घासून घासून तिने ते लखलखीत केले होते. "किती काळाकुट्ट करून ठेवला होतास रे! काढला सगळा मळ." मी आभार मानले, दुसरे काय करणार? सकाळी उठून पाहिले, तर पात्यावर मोहरीएवढे तांबडे ठिपके उमटले होते.

आत्याने आपली विळी माझ्यापुढे सरकवली. तिचे पाते जुन्या तव्यासारखे काळेभोर होते आणि त्यावर तांबड्याचा मागमूस नव्हता. "ही नाही घासत मी," ती म्हणाली. "हिला रात्री खोबरेल लावून ठेवते. लग्न होऊन आले तेव्हापासून."

मी ताबडतोब भाच्याला फोन लावला आणि गेल्या अकरा महिन्यांत त्याच्या यादीत जे एकदाही आले नव्हते, ते त्याला मोठ्या समाधानाने सांगितले. तो क्षणभर गप्प बसला.

"मामा," त्याने विचारले, "खोबरेल कुठलं? घाण्याचं की रिफाइन्ड?"