टीएलसीवर तीन ठिपके आले म्हणून हळद शिसेमुक्त ठरत नाही

नागपूरच्या इतवारी बाजारातून वर्षभराची हळद भरणाऱ्यांच्या ग्रुपवर एक फोटो फिरतोय. काचेच्या प्लेटवर तीन पिवळे ठिपके आणि खाली मजकूर : 'टीएलसी चाचणी पास. अस्सल वायगाव हळद, शंभर टक्के भेसळमुक्त.' टीएलसी म्हणजे थिन लेयर क्रोमॅटोग्राफी, अर्कातले घटक प्लेटवर वेगवेगळे करून पाहण्याची पद्धत. ठिपके खरे असतीलही, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

हे ठिपके हळदीला पिवळा रंग देणाऱ्या कर्क्युमिनचे आणि त्याच्या दोन भावंडांचे, म्हणजे तशाच दोन रंगद्रव्यांचे. हळदीचा मिथेनॉलमधला अर्क बारीक केशनळीने सिलिका जेलच्या प्लेटवर टेकवायचा आणि क्लोरोफॉर्म-मिथेनॉलचं मिश्रण वर चढू द्यायचं. कर्क्युमिन सर्वांत वर जातं, बाकीची दोन त्याच्या खाली थांबतात. हे सांगलीच्या हळदीतही होतं, निजामाबादच्याही. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगाव हळदीला भौगोलिक मानांकन आहे, पण गावाचा पत्ता या प्लेटवर उमटत नाही. शिवाय शेजारी प्रमाणित कर्क्युमिनचा ठिपका नसेल, तर ओळखही पक्की नाही. फोटोत तो दिसत नाही.

खरी काळजी शिशाची. रंग उठावदार दिसावा म्हणून मिसळलं जाणारं लेड क्रोमेट हे शिसं असलेलं पिवळं रंगद्रव्य मिथेनॉलमध्ये विरघळतच नाही. ते तळाशी गाळात राहतं, प्लेटपर्यंत पोचतच नाही. मेटॅनिल यलो हा रंग टीएलसीत पकडता येतो, शिसं नाही. त्यासाठी अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शनसारखी धातूंची वेगळी तपासणी लागते. शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं, म्हणून विक्रेत्याकडे प्लेटचा फोटो नको, शिशाच्या तपासणीचा बॅच नंबरसह अहवाल मागा.