ट्रे कधी निघतो ते विचारा

दर सप्टेंबरात इंग्लंडमधल्या न्यूकासलला शिकायला नवी मुलं येतात आणि पहिल्याच भेटीत विचारतात, "ताई, इथे स्वस्तात पोट भरेल असं काय मिळतं?" दोन महिन्यांनी पुन्हा भेटली की कळतं, अर्धे दिवस ब्रेड आणि मॅगीवर काढलेत. मला याचं खरंच वाईट वाटतं. सॉसेज रोल, म्हणजे मांस भरलेली खारी पेस्ट्री, विकणाऱ्या ग्रेग्ज या बेकऱ्यांच्या साखळीची सुरुवात याच शहरात झाली! १९३९ साली जॉन ग्रेग नावाचा माणूस इथे सायकलवरून घरोघरी अंडी आणि यीस्ट पोचवायचा. १९५१ मध्ये त्याने शहराच्या गॉसफर्थ भागात पहिलं दुकान टाकलं. आज देशभर दर चौकात दिसणारी ती निळी पाटी त्या सायकलपासून सुरू झाली. अशा गावात राहून पोरांनी उपाशी का राहावं?

पेस्ट्री म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्रीमचा तुकडा येतो. इथली ही पेस्ट्री म्हणजे आपल्या पॅटीसचं पापुद्र्यांचं आवरण. आई चिरोट्यांना साटा लावून घडी घालायची ना, तत्त्व तेच. पीठ आणि स्निग्ध पदार्थ यांचे थर, घडीवर घडी. भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि एकेक थर वर उचलते. ग्रेग्ज आपल्या सॉसेज रोलला ९६ थर असतात असं सांगतं. आत डुकराचं मसालेदार बारीक मांस आणि त्यात पांढऱ्या मिरीचा सणसणीत तिखटपणा.

मी स्वतः पहिलं वर्षभर सॉसेज रोलच्या वाटेला गेले नाही. आल्या आल्या एकदा दुपारी चारला घेतला होता. कोमट, मऊ पडलेला, टाळूला चरबी चिकटली. "हे काय खातात ही माणसं" असं म्हणून सोडून दिला. मग एकदा रात्रपाळी संपवून बाहेर पडताना वॉर्डातली जुनी सिस्टर मला हाताला धरून कोपऱ्यावरच्या बेकरीत घेऊन गेली. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "दहा मिनिटं थांब, पेट, ट्रे आत आहे." (इथे अनोळखी माणसालाही प्रेमाने 'पेट' म्हणतात, आपल्या 'बाळ'सारखं.) थांबलो. ट्रे आला. कागदी पिशवीवर बघता बघता तुपकट डाग पसरले आणि कागद आरपार दिसायला लागला. पहिल्या घासाला पापुद्रे माझ्या निळ्या युनिफॉर्मवर सांडले, जीभ भाजली आणि मिरी नाकात चढली. बारा तास उभं राहिल्यावर बाहेरच्या थंडीत ते खाताना मला पुण्यातल्या डेक्कनवरच्या संतोष बेकरीची आठवण झाली. पॅटीसचा ट्रे आला की सगळी रांग एकदम हलते, ती आठवण.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे: दुकान कुठलं हे नंतर बघा, आधी वेळ बघा. आणि यामागे खरोखरच एक सरकारी कारण आहे, ते फार कमी जणांना माहीत असतं. इथे गरम ठेवून विकलेल्या खाण्यावर २० टक्के व्हॅट लागतो. भट्टीतून काढून आपोआप निवू दिलेल्यावर लागत नाही. मार्च २०१२ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी भट्टीतून आलेल्या गरम पदार्थांवरही हा कर बसवायचा घाट घातला. 'पेस्टी टॅक्स' (पेस्टी म्हणजे सारण भरलेली पेस्ट्री) म्हणून केवढा गहजब झाला, बेकरीवाले निषेधासाठी रस्त्यावर उतरले आणि मेअखेर सरकारला माघार घ्यावी लागली. म्हणून बहुतेक बेकऱ्यांत रोल गरम कपाटात न ठेवता नुसते मांडून ठेवतात. आपल्याकडे पिवळ्या दिव्याखाली पॅटीस ठेवतात तसं इथे नाही. कोमट रोल मिळाला म्हणजे दुकान वाईट असं नाही, तुम्ही उशिरा पोचलात. काउंटरवर सरळ विचारा, पुढचा ट्रे कधी. सांगतात. चिडत नाहीत.

सॉसेज रोल अजून दीड पौंडाच्या आसपास मिळतो. गेल्या वर्षी एका शनिवारच्या बाजारात मी सहा पौंड मोजून एक 'खास' रोल घेतला. आत बडीशेप, वर तीळ, सुंदर कागद. उलटा केला तर तळ पांढरा, कच्च्या कणकेसारखा चिकट. सहा पौंडांत शिकणाऱ्या मुलाचं दोन वेळचं भागतं. ज्याला रोल तळापर्यंत भाजता येत नाही त्याने एवढे पैसे घेऊ नयेत, हे मी अगदी मनापासून म्हणते. तळ बघायची सवय लावून घ्या. तो बदामी हवा.

ग्रेग्जच्या पलीकडे जायचं असेल तर खाटकाचं दुकान गाठा. इथले खाटीक स्वतःच्या सॉसेजच्या मांसाचे रोल भाजतात. ते जड असतात, मांस जाडसर, मिरी जास्त. त्यासाठी शहरातलं ग्रेंजर मार्केट बघा. ते १८३५ पासून उभं आहे, छपराखालच्या गल्ल्या आपल्या मंडईची आठवण देतात. सकाळी जा, एक चक्कर मारा. आणि एखाद्या सुट्टीला मेट्रोने साउथ शील्ड्सला जाऊन डिक्सन्स या दुकानातला सॅव्हलॉय डिप खा. पेस्ट्री नाही ती, पावात सॉसेज, पण सोबत पीज पुडिंग असतं. पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं, अगदी घट्ट गोळा वरणासारखं. मी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा गप्पच झाले. समुद्र समोर आणि तोंडात घरच्या वरणाची जवळची चव.

शाकाहारी मुलांनो, तुम्हालाही भरपूर आहे. चीज अँड अनियन बेक (चीज-कांदा भरलेली पेस्ट्री) घ्या. जानेवारी २०१९ पासून ग्रेग्जचा व्हीगन सॉसेज रोलही आहे, आत क्वॉर्न (बुरशीपासून केलेलं, मांसासारखं लागणारं प्रथिन) असतं, मिरी तीच. स्टेक बेकमध्ये बीफ असतं, चालत नसेल तर नाव वाचून घ्या. पीज पुडिंग पुष्कळदा हॅमच्या पाण्यात शिजवतात, तेही विचारून घ्या. पैशांची फारच ओढ असेल तर ग्रेग्जची आउटलेट दुकानं शोधा, आदल्या दिवशीचा उरलेला माल तिथे फार कमी किमतीत मिळतो. घरी ओव्हनमध्ये दहा मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात नको, सगळे पापुद्रे ओले होतात.

या आठवड्यात माझी रात्रपाळी गुरुवारी संपते. कोपऱ्यावरच्या बेकरीत ट्रे साधारण सव्वाआठला निघतो. नव्याने आलेल्या कुणाला यायचं असेल तर मेसेज करा, पहिला रोल माझ्याकडून.