बॅनियनच्या रागाची किंमत बायकांनी मोजली

'द बिग हीट' (१९५३) हा गुन्हेपट म्हटलं की सगळे त्या उकळत्या कॉफीवरच येतात. मला त्या प्रसंगात जास्त छळतो तो बाहेरच्या खोलीत पत्ते खेळत बसलेला पोलीस कमिशनर. लगानाच्या टोळीतला गुंड व्हिन्स स्टोन (ली मार्विन) आपल्या मैत्रिणीच्या, डेबीच्या (ग्लोरिया ग्रॅहम) तोंडावर कॉफी फेकतो. दिग्दर्शक फ्रिट्झ लँग ते दाखवतसुद्धा नाही. वाफाळतं भांडं दिसतं, व्हिन्सचा हात ते उचलतो आणि किंकाळी ऐकू येते, बस्स. चेहरा धरून डेबी बाहेर येते, तर पत्त्यांच्या टेबलावर गुंडांच्या मांडीला मांडी लावून कमिशनर हिगिन्स! शहराचा पोलीसप्रमुख टोळीवाल्या लगानाच्या ताटाखालचं मांजर झालाय, हे सांगायला लँगला एकही भाषण लागत नाही.

'प्रामाणिक पोलीस विरुद्ध टोळी' एवढंच या सिनेमाचं वर्णन केलेलं मला अजिबात पटत नाही. टोळीमागे लागलेला पोलीस बॅनियन (ग्लेन फोर्ड) प्रामाणिक आहे, वादच नाही. पण मरतं कोण ते बघा. आत्महत्या केलेल्या एका पोलिसाची मैत्रीण ल्युसी त्याच्याशी बोलते, तिचे हाल करून तिला मारतात. त्याच्यासाठी गाडीत ठेवलेल्या बॉम्बने बायको केटी जाते. केटी आणि तो एकमेकांच्या ताटातलं, ग्लासातलं खातात-पितात, सिगारेटही एकच ओढतात. त्या घरातली ऊब लँगने इतकी मनापासून रंगवलीय की स्फोटानंतर त्याचा संताप आपलाही होतो. तिथेच आपण फसतो.

त्याच मेलेल्या पोलिसाच्या बायकोकडे, बर्थाकडे, लगानाला बुडवणारे कागद आहेत. बॅनियन तिचा गळा धरतो, पण तेवढ्यात पोलीस येतात. नंतर मात्र ती मेली तर सगळं उघड होईल, हे तो डेबीला सांगतो आणि पिस्तूलही देतो. बर्थाला डेबी गोळी घालते. मुद्दाम दिलं का त्याने पिस्तूल? सिनेमा सांगत नाही आणि म्हणूनच तो मला इतका मोठा वाटतो. बॅनियनचे हात स्वच्छ राहतात, पण ल्युसी, केटी, बर्था आणि शेवटी डेबी, अशा चार बायका गेलेल्या असतात.

शेवटी तो नोकरीवर परत येतो, नवी केस येते आणि निघता निघता कॉफी गरम ठेवायला सांगतो. ज्यांना हा सुखान्त वाटतो, त्यांनी ते वाक्य पुन्हा ऐकावं.

ग्लोरिया ग्रॅहमला ऑस्कर मिळालं 'द बॅड अँड द ब्यूटिफुल'साठी. माझ्या मते तिचं खरं मोठं काम म्हणजे ही डेबी. आधी आरशात रमणारी, थट्टेखोर. नंतर अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी, आणि आवाजात कोणाचीच भीती उरलेली नाही.