वहिनीसाहेब होताना

अभिनंदन, ताई! पुढारी साहेबांचं स्थळ आलंय म्हणे. होकार घरच्यांनी कळवला असेलच, तुम्ही आता चार गोष्टी ऐकून ठेवा.

आधी स्वतःचं नाव विसरा. सोलापुरात होटगी रोडच्या बंगल्यात पाऊल पडलं की तुम्ही वहिनीसाहेब; मग डॉक्टर असा की प्राध्यापक. चहाचं पातेलं गॅसवरून उतरवायचं नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरी भरपूर ठेवा, प्रचारात कार्यकर्ता त्यावरच चालतो, पक्षाचे विचार नंतर.

गावात नळाला दोन-चार दिवसांआड पाणी, तुमच्या दारात मात्र टँकर. "उजनी धरण भरलं, मग पाणी कुठंय?" असं बायका विचारतीलच. लगेच संक्रांतीचं हळदीकुंकू काढायचं. वाणाचा डबा हातात पडल्यावर पाण्याचा विषय कोण काढतंय? (डबा झाकणाचा द्या. बिनझाकणाच्या डब्याची चर्चा पाण्यापेक्षा लांब जाते.)

निवडणुकीचा अर्ज भरला की प्रतिज्ञापत्र मन लावून वाचा. त्यात पत्नीचा वेगळा रकाना असतो. आपल्याकडे किती तोळे सोनं, नावावर किती एकर रान, सगळं तिथं कळतं. घरात विचारण्यापेक्षा हे बरं. बार्शीकडं आपली जमीन आहे हे वाचून दचकू नका. खरेदीखतावर सही तुमचीच आहे, कागद दुमडलेला होता एवढंच.

महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या. सोडतीत साहेबांचा प्रभाग महिलांना गेला, की सकाळी तुम्ही 'जनतेच्या आग्रहाखातर' उभ्या! फ्लेक्सवर फोटो मात्र साहेबांचाच मोठा ठेवा, लोकांना उमेदवार ओळखायला सोपं जातं. सभागृहात हात कधी वर करायचा, ते फोनवर येईल.

आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या (म्हणजेच सिद्धरामेश्वरांच्या) यात्रेला पहिल्या रांगेत बसायचं. कुंभारकन्येची कथा ठाऊक असेलच. तिला सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचं होतं. ते योगी, म्हणाले, माझ्या योगदंडाशी कर. त्याच लग्नाच्या अक्षता नंदीध्वजांवर (सजवलेल्या उंच काठ्यांवर) टाकताना तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी असेल, तिच्यावर जागा धरायला साहेबांची शाल. त्या ठिकाणाला संमती कट्टा म्हणतात. तिथं लग्नाची संमती वाचून दाखवतात. तुमची कधी घेतली होती, ते आठवत बसू नका. फोटोग्राफर समोर आहे, पदर सावरा.